ब्लॉकमध्ये ठेवलंय

धायरी, पुणे
४ ऑगस्ट २०२५

श्री. महिपतराव यांस,
स. न. वि. वि.

पाकिटावरचं नाव वाचून दचकला असाल. मी सुहासिनी, माधवरावांची बायको. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे शेवटचे आलात आणि पोहे अर्धे टाकून उठून गेलात, तेच हे घर.

हे गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले. तुम्हाला कळलं असणारच. हडपसरच्या कारखान्यातली बाकी सगळी ड्रॉइंग ऑफिसची माणसं येऊन गेली. तुम्ही आला नाहीत ते मनात ठेवलेलं नाही, असं लिहिणार होते. पण ठेवलं आहे.

फोन करत नाही, कारण वर्षभरात माझे कान गेले. यंत्र लावलं की कुकरची शिट्टी ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. म्हणून पत्र. तुमचा पत्ता ह्यांच्या वहीत होता. खोडलेला नव्हता.

काम असं आहे. ह्यांच्या कॉम्प्युटरवर एक ड्रॉइंग आहे, 'सुहास घर' नावाचं. धायरीत आमचा छोटा प्लॉट होता, त्यावर बांधायचं म्हणून हे काढत होते. प्लॉट रस्तारुंदीत गेला. आमच्या न झालेल्या स्वयंपाकघरावरून आता दर वीस मिनिटांनी पीएमटीची बस जाते. तरी हे काढतच राहिले. मी म्हणायचे, 'बांधा हवेत', आणि भाजी चिरायला आत जायचे. एकदाही बघितलं नाही.

आता बघायचं आहे तर फाइल उघडत नाही. त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स दर वर्षी नव्याने घ्यायचं असतं म्हणे, ते ह्यांच्याबरोबरच संपलं. मुलगा केयूर बंगळूरहून म्हणाला, 'आई, काय करायचंय आता ते बघून?' त्याला काय सांगणार. बुधवार पेठेतला दुकानदार म्हणाला, फाइल ठणठणीत आहे, पण कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. म्हणजे माझ्या नवऱ्याने माझ्या नावाने काढलेलं घर माझ्याच कपाटात पडलंय आणि मला आत जायला कंपनीची परवानगी लागते.

तुम्ही असल्या फाइली उघडणारं काहीतरी करता, असं ऐकलं होतं. त्यावरूनच भांडलात ना दोघं? उघडता येत असेल तर कळवा. येत नसेल तरी कळवा.

सुहासिनी


हडपसर
१३ ऑगस्ट २०२५

आदरणीय वहिनी,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळून पाच दिवस झाले. रोज लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

फाइल पेन ड्राइव्हवर घालून पाठवा. उघडेल असं वाटतं.

दुकानदार खरं बोलला. आपण रेघ मारतो, पण ती साठवली जाते कंपनीच्या लिपीत, आणि ती लिपी कंपनी कुणाला शिकवत नाही. आम्ही चार-सहा लोकांनी ती बाहेरून शिकून घेतली. एक रेघ काढायची, साठवायची. मग तीच रेघ इंचभर सरकवून परत साठवायची, आणि दोन फाइलींत कुठला आकडा बदलला ते शोधायचं. मग वर्तुळ, मग अक्षर, मग दार. असं करत सोळा वर्षं गेली. जे तयार झालं ते फुकट आहे आणि खुलं आहे. कुणीही घ्यावं, आत काय आहे ते बघावं, बदलावं.

त्यासाठी खरीखुरी ड्रॉइंगं लागतात, प्रत्येक आवृत्तीतली. मी माधवरावांकडे त्यांची जुनी ड्रॉइंगं नमुन्यादाखल मागितली होती. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या कुलपाला किल्ली पाडणाऱ्याला आमच्याकडे चोर म्हणतात." मी म्हणालो, "सामान आपलं, कष्ट आपले, कुलूप तेवढं त्यांचं. मग चोर कोण?" तुम्ही पोहे घेऊन बाहेर आलात तेव्हा हेच चाललं होतं. त्यानंतर मी जे बोललो ते तुम्ही ऐकलं नसेल. मी म्हणालो, तुम्ही ड्राफ्ट्समन नाही, रेघा मारणारे कारकून आहात.

वाशिमहून मी पुण्यात आलो तेव्हा मला पेन्सिल कशी धरायची ते ज्यांनी शिकवलं, त्यांना मी हे म्हणालो.

दारावर का आलो नाही ते आज लिहवत नाही. फाइल पाठवा.

आपला,
महिपती


धायरी
२२ ऑगस्ट २०२५

श्री. महिपतराव,
स. न.

सोबत पेन ड्राइव्ह. खालच्या मजल्यावरच्या मुलीकडून भरून घेतला आहे. तुमच्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका आहेत. एकतीस वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलं, डोळा जातोच. राग मानू नका.

'कारकून' मी ऐकलं होतं. पोहे ओट्यावर परत नेताना ऐकलं. ह्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. तुम्हाला टोचत असेल तर टोचू दे, मी काढून टाकायला येणार नाही. पण तुम्ही स्वतःहून लिहिलंत, त्याला किंमत आहे.

फाइल उघडली की आधी ओटा कुठे आहे तेवढं कळवा. मी चार फूट नऊ इंच. आमच्या इथला ओटा बिल्डरने कुठल्या ताडासारख्या बाईसाठी बांधला कोण जाणे. तीस वर्षं पाटावर उभी राहून पोळ्या लाटते आहे.

आता खरी गोष्ट. घर हे निमित्त आहे.

जाण्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला आणि म्हणाले, "ब्लॉकमध्ये ठेवलंय. बघ." तेव्हा माझे कान शाबूत होते, ऐकण्यात चूक नाही. पुढे बोलणं झालं नाही. दीड वर्ष मी हा ब्लॉक उलटापालटा करते आहे. सदाशिव पेठेतल्या खोलीतून इथे आलो तेव्हा दोन खोल्यांचा ब्लॉक म्हणजे राजवाडा वाटला होता. आता वाटतं, एवढ्याशा जागेत माणूस लपवून लपवून काय लपवेल? माळा झाला, गाद्या उसवून झाल्या, पिठाचे डबे झाले, देव्हाऱ्यामागची फट झाली. निघालं काय, तर सतरा रिफिली आणि माझाच हरवलेला चष्मा.

त्या चित्रात काही लिहून ठेवलं असेल तर बघा. मला काही नको आहे हो. ते मला काय बघ म्हणाले, तेवढं कळलं की पुरे. माणूस शेवटचं वाक्य बोलला आणि मला ते समजलं नाही, हे घेऊन मी रोज उठते.

सुहासिनी


हडपसर
५ सप्टेंबर २०२५

आदरणीय वहिनी,
सा. नमस्कार.

फाइल उघडली. ओटा पूर्वेच्या खिडकीखाली आहे आणि तीस इंच उंच आहे.

आता मी जे लिहितो ते नीट वाचा, कारण मलाही ते दोन दिवस समजत नव्हतं.

हे घर मला पाठ आहे. गेली दहा-बारा वर्षं मी ते बघतो आहे.

आमच्या कामासाठी लोक जगभरातून नमुने पाठवतात. २०१३ साली एक ई-मेल आला. पाठवणाऱ्याने नावाच्या जागी 'शून्य शून्य' लिहिलं होतं. ड्रॉइंगच्या कागदावर जिथून सगळी मापं सुरू होतात तो बिंदू म्हणजे शून्य शून्य. सोबत एका घराचं ड्रॉइंग आणि दोन ओळी: "हे ड्रॉइंग माझं स्वतःचं आहे. कुणीही उघडावं, वापरावं, बदलावं, माझी हरकत नाही." कंपनीने फाइलीची नवी आवृत्ती काढली की काही महिन्यांत तेच घर नव्या आवृत्तीत यायचं. आमच्याकडे त्याहून नेटकं ड्रॉइंग दुसरं नाही. आम्ही प्रोग्राममध्ये काहीही बदललं की आधी ते घर उघडून बघतो. ब्राझीलमधला माणूस बघतो, पोलंडमधली बाई बघते. घर नीट उघडलं तर बदल बरोबर.

त्या पोलंडच्या बाईने एकदा तक्रार केली होती, की तुमचा प्रोग्राम उंची चुकीची वाचतो, ओटा चौतीस इंच हवा तिथे तीस दाखवतो. मी तीन दिवस चूक शोधत बसलो. चूक नव्हती. वहिनी, फाइल उघडल्यावर तुमच्या पाटाबद्दल परत वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

त्यांनी मला नमुना दिला. मी मागितला होता तोच. आणि मी दर वेळी उलट ई-मेलने 'आभारी आहोत' एवढंच लिहिलं, कुठल्याही अनोळखी माणसाला लिहितो तसं.

मोठ्या कागदावर छापून सोबत पाठवतो आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी, मागे तुळशीला जागा. बाकी चिठ्ठी नाही, मजकूर नाही. तीनदा तपासलं. तुम्हाला जे हवं होतं ते नाही सापडलं, माफ करा.

महिपती


धायरी
१५ सप्टेंबर २०२५

महिपतराव,

छापील कागद मिळाला. जेवणाच्या टेबलावर मावला नाही, म्हणून पलंगावर पसरला आणि आठ दिवस खाली सतरंजीवर झोपले. घर चांगलं आहे. ओसरीवर दुपारी ऊन येईल, पण त्यांनी पश्चिमेला छज्जा वाढवून सावली कशी पाडली आहे ते मला त्या रेघांवरूनसुद्धा कळलं. मी एकटीच त्यात फिरले. सकाळी फिरले, संध्याकाळी फिरले. स्वयंपाकघरातून ओसरीवर यायला सात पावलं आहेत. माझी पावलं, ह्यांची पाच होतील.

आता राग. पोलंडच्या बाईला माझा ओटा माहीत. ब्राझीलच्या बाप्याला माझी ओसरी माहीत. परक्यांना हरकत नाही असं लिहून दिलं, आणि बायकोला एकदा उघडून दाखवलंसुद्धा नाही. असा कसा माणूस? मला एकदा हाताला धरून 'बस इथे, बघ' म्हणाले असते तर मी काय बसले नसते? नसते बसले कदाचित. भाजी चिरायची असायची. पण पुन्हा एकदा म्हणाले असते तर बसले असते.

फार आठवण येते हो. मुलाला लिहू शकत नाही, तो घाबरून तिकीट काढेल. तुम्हाला लिहिते, तुम्ही घाबरलात तरी हडपसरलाच आहात.

चिठ्ठी नाही तर नाही. एका गोष्टीवर मनाची समजूत घालते आणि हा विषय बंद करते. या जागेला ब्लॉक म्हणायची मी. सगळं पुणं म्हणायचं. हे मात्र पहिल्या दिवसापासून 'खुराडं' म्हणायचे. 'खुराड्याची किल्ली घेतलीस का', 'खुराड्याला रंग काढू या'. मी चिडायचे. तीस वर्षांत एकदाही ह्यांनी ब्लॉक म्हटलं नाही, आणि शेवटी मात्र म्हणाले. जाताना माझा शब्द घेतला तोंडात. तेवढ्यावर समाधान मानते.

तुमच्या मेहनतीबद्दल आभारी आहे.

सुहासिनी


हडपसर
१८ सप्टेंबर २०२५

वहिनी,

हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे, पोस्टावर विश्वास नाही म्हणून नव्हे, मला दम नाही म्हणून.

तो तुमचा शब्द नव्हता. तो आमचा होता.

ड्राफ्ट्समनच्या भाषेत ब्लॉक म्हणजे फ्लॅट नव्हे. एखादी वस्तू एकदाच काढायची, खुर्ची, दार, बेसिन, तिला नाव द्यायचं आणि फाइलीच्या पोटात ठेवून द्यायची. मग हवी तिथे ती लावायची. अशा ठेवलेल्या वस्तूला ब्लॉक म्हणतात. तीस वर्षं हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारला आहे, आणि तुमच्या पत्रात तो वाचून माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या माळ्यावरचे डबे आले. इतकी वर्षं पुण्यात राहिल्यावर मीही पुणेकर झालो, दुसरं काय.

आणि मला तो दिसला का नाही, तेही सांगतो. ब्लॉक ठेवला, पण कुठे लावलाच नाही, तर तो कागदावर उमटत नाही. माझा प्रोग्राम असले न लावलेले ब्लॉक वाचतच नाही. अडगळ म्हणून वगळतो. हा शहाणपणा माझाच, फार जुना. तुमचं पत्र वाचलं, ती ओळ काढून टाकली आणि फाइल पुन्हा उघडली.

एक ब्लॉक होता. एकच. जगाला पाठवलेल्या कुठल्याही नमुन्यात तो नाही, फक्त तुमच्या फाइलीत आहे. नाव 'सुहास टेबल'.

लिहायचं टेबल आहे, वहिनी. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, उंची सव्वीस इंच. पाय टेकायला खाली चार इंचांवर आडवी पट्टी. डाव्या हाताला दोन खण, त्यांची आतली मापं विचित्र वाटली म्हणून घरातली शाळेची वही पट्टीने मोजून बघितली. बरोबर बसते, वर बोट घालायला जागा ठेवून. खणाच्या मुठीपर्यंत सगळं काढलं आहे. सांध्यांचे वेगळे तपशील आहेत. हे त्यांचं सगळ्यात चांगलं ड्रॉइंग आहे आणि मी त्यांची सगळी बघितली आहेत.

लाकूडकामात वस्तूशेजारी जागा लिहायची आमची पद्धत. 'जागा: हॉल, पश्चिम भिंत', असं. इथे लिहिलं आहे: 'जागा: सुहासला विचारून.'

म्हणून लावलं नाही. विचारायचं राहिलं होतं.

आता माझं सांगतो. तेराव्याला मी तुमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत आलो होतो. वॉचमनने वही पुढे केली. नाव लिहिलं, कोणाकडे ते लिहिलं. पुढचा रकाना होता 'काम'. तिथे काय लिहावं ते सुचेना. मागे माणसं थांबली होती. मी पेन ठेवला आणि परत फिरलो. हे इतकंच कारण आहे, आणि ते फार लाजिरवाणं आहे.

एक विचारायचं आहे. घर माधवरावांनी सगळ्यांना खुलं करून दिलं होतं, पण तेव्हा ते कुणाचं हे आम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तुम्ही म्हणालात तर एका दिवसात आमच्या संग्रहातून काढून टाकतो. टेबल तर त्यांनी कुणालाच दिलेलं नाही, ते तुमचं. त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. ते खुलं करायचं झालं तर लेखी परवानगी लागते, आणि शक्यतो अटी न घातलेल्या बऱ्या.

महिपती


धायरी
२७ सप्टेंबर २०२५

महिपतभावजी,

तुमचं पत्र वाचून मी उठले, ओट्यापाशी गेले आणि पाटावर उभी राहिले. काही करायचं नव्हतं. नुसती उभी राहिले. मग रडले. दीड वर्षात नीट रडले नव्हते, शोधत होते ना.

त्यांनी विचारलं होतं. ते तिथे उभी असताना आठवलं. एका संध्याकाळी मी ओट्यावर वह्या तपासत होते, घरात दुसरी जागा कुठे होती? मुलांच्या निबंधांना कणीक लागायची. हे मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुहास, तुला उजेड डावीकडून लागतो की उजवीकडून?" मी वरही न बघता म्हणाले, "मला वेळ लागतो. उजेड नको." हसले आणि गेले. मला वाटलं, थट्टा करतात. ती थट्टा नव्हती, मोजमाप चाललं होतं.

परवानगीचं. घर काढू नका. पोलंडच्या बाईला कळवा, तीस इंच बरोबर आहे आणि का बरोबर आहे तेही कळवा. टेबलही द्या सगळ्यांना. अटी नकोत म्हणालात, पण मी एक घालणार. तुम्हाला कायद्यात बसवता येत नसेल तर नुसती मराठीत लिहा: हे टेबल ज्याला आपल्या घरात लावायचं असेल त्याने ते कुठे ठेवायचं हे, त्यावर जी बसणार आहे तिला आधी विचारावं, आणि तिने वर बघितलं नाही तर पुन्हा विचारावं. खाली माझी सही आहे, ती चिकटवा.

नवा कागद पोस्टाने पाठवायचा नाही. घेऊन यायचं. वॉचमनच्या वहीत 'काम' या रकान्यात 'जागा विचारायला' असं लिहा. मी घरीच असते.

आणि माझी जागा लिहून घ्या. खिडकीशी नको, स्वयंपाकघराशेजारी नको. ह्यांची कामाची खोली आहे ना दक्षिणेला, तिथे. ह्यांचा कॉम्प्युटर इथे भिंतीकडे तोंड करून होता, तीस वर्षं मी त्यांची पाठ बघत आले, पाठ झाली आहे ती मला. तिथे तसं नको. त्यांचं टेबल वळवा आणि माझं त्यांच्या समोर लावा, तोंडासमोर तोंड. उजेड डावीकडून येऊ दे. मधलं अंतर नीट मोजून धरा, फार नको, हात लांब केला तर पोचेल एवढं ठेवा.

तुमची वहिनी,
सुहासिनी